माइकरावांचा घसा

माझे मोठे दीर बोलायला लागले की चालती माणसं थांबायची. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्यांच्याच घरात राहत असल्यामुळे मला त्या आवाजाचा त्रासच जास्त झाला. दिवसा ते बस स्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या वेळा सांगायचे आणि संध्याकाळी गावात ज्याची सभा असेल त्याच्या व्यासपीठावर माइक धरायचे. अशी तेवीस वर्षं. घरात मीठ मागितलं तरी वाटायचं, आता फलाट क्रमांकही सांगतील. गावानं त्यांचं नाव माइकराव ठेवलं होतं आणि त्यांना ते आवडायचं, यातच सगळं आलं.

आम्ही टायरच्या दुकानावर राहायचो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली हवा भरायचं यंत्र दर दहा मिनिटांनी धडधडायचं, फळीवरची भांडी थरथरायची, मग ते एकदम बंद पडायचं आणि आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो हे सगळ्यांना कळायचं. माझा नवरा लांबच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी यायचा. मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावायच्या कामावर होते. मोठ्या जाऊबाई नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात आया होत्या. खरं तर मला त्यांच्याबद्दलच सांगायचंय, पण भाऊजींना ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. तेव्हाही येत नसे.

जाऊबाई चौदा वर्षं तात्पुरत्या होत्या. दर अकरा महिन्यांनी त्यांच्या नोकरीत एक दिवसाचा खंड दाखवायचे, म्हणजे कागदावर सलग सेवा होऊ नये. त्या खंडाच्या दिवशीही त्या कामावर जायच्या, कारण बाळं काही खंड पाळत नाहीत. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला पुसायचं, गुंडाळायचं, आईच्या कुशीत ठेवायचं हे त्यांचं काम. निम्म्या गावाला पहिल्यांदा त्यांनीच उचललेलं, पण स्वतः आजारी पडल्या तर त्या दिवसाचा पगार नाही, आणि गुडघा तर रोजच आजारी. त्यांच्यासारख्या तेवीस बायकांना कायम करायची फाइल सहा वर्षं नगराध्यक्षांच्या टेबलावर पडून होती. नियम असा होता की वयाची पन्नास पूर्ण झाली की कोणाला कायम करता येत नाही. जाऊबाईंच्या पन्नाशीला सात आठवडे उरले होते.

आणि नेमकं तेव्हाच उपनगराध्यक्ष फुटले. त्यांनी नगराध्यक्षांवर अविश्वास ठराव आणला. मतदान शुक्रवारी. पंचवीस नगरसेवक, आणि त्यातले किती कोणाकडे हे त्या पंचविसांनाही सांगता येत नव्हतं.

आमच्या गावात एक गंमत होती. सभेत कोण काय बोललं हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहायचं नाही, पण कोणाचं नाव कितवं पुकारलं आणि त्याच्याआधी कुठलं विशेषण लावलं, हे वर्षभर पाठ असायचं. ‘आमचे खंबीर पाठीराखे’ म्हणून ज्याचं नाव घेतलं तो नगराध्यक्षांच्या आतल्या गोटातला. ‘सुपरिचित’ म्हणजे याला कोणी विचारत नाही. ‘ज्येष्ठ’ म्हणजे याला पुढच्या वेळी तिकीट नाही. या विशेषणांचा सगळा कारभार भाऊजींच्या हातात. नगरसेवक सभेच्या आधी त्यांना चिठ्ठ्या पाठवायचे, आणि त्या चिठ्ठ्या टायरच्या दुकानात ठेवलेल्या असायच्या. टायरवाला त्या वाचून मगच वर द्यायचा. त्यामुळे गावात काय चाललंय हे वर्तमानपत्राच्या आधी टायरवाल्याला कळायचं, आणि टायरवाल्याच्या पाठोपाठ मला.

ठराव आल्यापासून चिठ्ठ्यांचा नूरच पालटला. ज्या बांधकामवाल्या नगरसेवकानं ‘खंबीर’ हा शब्द दोन वर्षं दुसऱ्या कोणाला लावू दिला नव्हता, त्यानं लिहून पाठवलं, ‘नुसतं नाव घ्या, पुढेमागे काही नको.’ एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कळवलं की माझं नाव शेवटी, लोक उठायला लागल्यावर घ्यावं. पिठाच्या गिरणीवाल्या नगरसेवकानं तर वाक्यं पूर्ण करणंच सोडून दिलं. रस्त्यात भेटला आणि विचारलं, काय म्हणतंय वातावरण, तर म्हणायचा, “आता कसंय, म्हणजे बघायला गेलं तर…” आणि सायकलवर बसून निघून जायचा. एक नगरसेविका आमच्या दवाखान्यात येऊन सलाइन लावून पडल्या. त्यांना काहीही झालं नव्हतं, हे डॉक्टरांना, मला आणि त्या सलाइनच्या बाटलीलाही ठाऊक होतं. दोन्हीकडची माणसं त्यांना बघायला यायची आणि फळं ठेवून जायची. माणसं गेली की त्या उठून बसायच्या, फळं हातात घेऊन बघायच्या आणि मला विचारायच्या, “यांची सफरचंदं कालच्यापेक्षा बारीक वाटतात का गं तुला?”

आणि खुद्द नगराध्यक्ष! ज्या माणसानं सहा वर्षांत शिपायाचं नाव विचारलं नव्हतं, तो शिपायाच्या आईच्या मोतीबिंदूची चौकशी करायला लागला. उपनगराध्यक्ष मात्र कुठेच जात नव्हते. घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. येईल त्याचं ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. ती मान होकाराची की नकाराची, यावर गावात पैजा लागल्या होत्या.

हे सगळं बघून मला हसू यायचं. भाऊजींना येत नव्हतं. सोमवारी त्यांना दोन निमंत्रणं आली. बुधवारी संध्याकाळी सहाला नगराध्यक्षांची सभा शाळेच्या मैदानावर. बुधवारी संध्याकाळी सहालाच उपनगराध्यक्षांची सभा बाजाराच्या चौकात. दोन्हीकडे सूत्रसंचालन तुम्हीच करायचं, माइकराव.

तो दिवस मला आठवतो. भाऊजी खिडकीशी जायचे, दाराशी यायचे, परत खिडकीशी. पायाला भिंगरी लागल्यासारखे. फोन वाजला की उचलायचे नाहीत आणि नाही वाजला की उचलून बघायचे, चालू आहे ना. जेवताना ताट अर्धं ठेवून उठले. जाऊबाई म्हणाल्या, “अहो, एकाला नाही म्हणा की सरळ.”

“कोणाला?” भाऊजी गरजले. खाली यंत्र बंद होतं, त्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. “तुझी फाइल आहे त्या टेबलावर. शुक्रवारनंतर त्या टेबलामागे कोण बसणार, मला सांग. सांगतेस?”

जाऊबाईंना कुठून सांगता येणार! त्या खरकटी भांडी घेऊन आत गेल्या.

मंगळवारी सकाळी भाऊजींचा घसा बसला.

उठले ते गळ्याला मफलर गुंडाळूनच. तोंड उघडून हवा सोडली आणि मान हलवली. जाऊबाईंनी घाईघाईनं मिठाचं पाणी गरम केलं. मी मात्र दवाखान्यात नऊ वर्षं काढलेली. घसा बसलेला माणूस दर दोन मिनिटांनी आवाज येतोय का बघतो, खाकरतो, चिडतो. यांनी एकदासुद्धा प्रयत्न केला नाही. मी कामाला निघाले तशी माझ्या हातात जुन्या वहीचं पाठकोरं पान दिलं. वर लिहिलं होतं, ‘आठ दिवस बोलू नये असा दाखला आण.’

मी आणला. माझं चुकलं, हे इथेच सांगून टाकते. डॉक्टरांच्या घाईच्या वेळी दहा कागदांवर सह्या घेतल्या त्यात हाही एक. माझ्या मनात एवढंच होतं की जाऊबाईंची फाइल वाचेल.

दाखल्याच्या दोन प्रती झाल्या. एक नगराध्यक्षांकडे, एक ओट्यावर. बस स्थानकात भाऊजींच्या जागी तिकीट तपासनीसाला बसवलं. तो अडखळत बोलायचा, शिवाय भित्रा. गाडी सुटून गेल्यावर ती सुटणार असल्याचं जाहीर करायचा. त्या आठवड्यात अर्धं गाव चुकीच्या फलाटावर उभं होतं.

बुधवारी दोन्ही सभा झाल्या. दोन्हीकडे माइकचा नुसता खरखराट. पण उपनगराध्यक्ष पहिल्यांदाच ओट्यावरून उठून बोलले, आणि बोलले ते आमच्या घरावर येऊन आदळलं. झालं असं होतं की त्याच दुपारी नगराध्यक्षांनी ती सहा वर्षांची फाइल उघडून तेवीसच्या तेवीस नेमणुकांवर सही केली होती. गुरुवारी दुपारी बारा वाजता, नगरपालिकेच्या सभागृहात, नाव पुकारून एकेकीच्या हातात कागद देणार. बायकांच्या घरची माणसं, शेजारी, सगळे येणार, टाळ्या वाजणार, आणि काठावरच्या नगरसेवकांना त्या टाळ्या ऐकू जाणार. त्यावर उपनगराध्यक्ष चौकात म्हणाले, “मतदानाच्या आदल्या दिवशी वाटलेले कागद मी शनिवारी रद्द करीन. आणि ते घ्यायला कोण कोण गेलं, त्यांची नावं मला आत्ताच पाठ आहेत.”

म्हणजे कागद घ्यावा तर शनिवारी हातातली तात्पुरती नोकरीही जायची भीती. न घ्यावा तर सात आठवड्यांनी पन्नाशी.

बुधवारी सभेहून लोक परतत होते तेव्हा भाऊजी आणि जाऊबाई स्वयंपाकघरात समोरासमोर बसले होते. त्या बोलत होत्या, हे लिहीत होते. लिहिलेलं पान त्यांच्याकडे सरकवायचे, त्या चष्मा लावून वाचायच्या. मी कणीक मळत होते आणि सगळं बघत होते. भाऊजींनी लिहिलं, ‘तू जाऊ नकोस. आजारी पड.’

“आणि कागद?”

‘नगराध्यक्ष जिंकले तर म्हणायचं, तापानं फणफणले होते, आता द्या. उपनगराध्यक्ष जिंकले तर म्हणायचं, तुमच्या शब्दाला मान देऊन मुद्दाम गेले नाही.’ आणि त्याखाली दोन रेघा मारून, ‘दोन्हीकडे आपण चांगले.’

जाऊबाईंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, “तुम्हाला त्यातलं कळतं. मला फक्त बाळं गुंडाळता येतात.”

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी कणकेत पाणी जास्त घातलं आणि त्यावरच वैतागत बसले. रात्रीच दुसरा दाखला लिहून तयार झाला, सही सकाळी घ्यायची होती. तीही मीच घेतली.

गुरुवारी मी दवाखान्यातून अकरालाच घरी आले. चित्त थाऱ्यावर नव्हतं. बघते तर जाऊबाई पलंगावर, गळ्यापर्यंत चादर ओढून. भाऊजी दाराशी खुर्चीत. यंत्र चालू झालं, बंद झालं.  साडेअकराला जिना वाजला आणि प्रसूतिगृहात कपडे धुणारी बाई वर आली. जाऊबाईंची जिवाभावाची मैत्रीण, दांडगी, हसली की तिचं सगळं अंग हसायचं. आज हसत नव्हती.

“अगं, काय झालं काय तुला? उठ. सगळ्या खाली उभ्यात.”

“ताप आहे,” जाऊबाई म्हणाल्या.

तिनं कपाळावर हात ठेवला. कपडे गोळा करता करता बाळंतिणींच्या कपाळावर हात ठेवण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं भाऊजींच्या मफलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सगळं समजली.

“हे बघ,” ती म्हणाली, “मला राजकारण कळत नाही. पण कागद माझ्या हातात असला तर तो फाडायला त्याला माझ्या हातातून ओढून घ्यावा लागेल. आणि माझा हात तू बघितलायस. नसलाच हातात, तर काय बोलायचं, कशावर बोलायचं?” तिनं हात पुढे केला. “येतेस?”

“तू हो पुढे,” जाऊबाई म्हणाल्या.

ती गेली. जिना खालपर्यंत वाजत गेला. आणि तो आवाज थांबला तशी जाऊबाईंनी चादर बाजूला केली. आत त्यांनी गणवेश घातलेला होता. निळी किनार, खिशाला पेन, पायात चपलासुद्धा. सकाळपासून त्या तशाच पडून होत्या. त्या उठल्या, गुडघ्यावर हात दाबून उभ्या राहिल्या आणि भाऊजींना म्हणाल्या, “जाऊ?”

भाऊजींनी मान हलवली. नाही.

जाऊबाईंनी तरी पाऊल उचललं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्या पोचल्या असतील, तेवढ्यात भाऊजी खुर्चीतून उठून ओरडले, “थांब!”

तो त्यांचा सभेचा आवाज होता. भरदार, स्वच्छ, काही झालं नसल्यासारखा. खाली टायरवाल्यानं यंत्र बंद केलं आणि वर बघून विचारलं, “माइकराव, सुटला का घसा?” 

एरवी मी पोट धरून हसले असते. जाऊबाई पायरीवरच थांबल्या. तेवीस वर्षं ज्या आवाजानं हजार हजार माणसं उभी करून ठेवली, त्यानं बायकोला थांबवलं यात नवल ते काय. खालून बायकांचा घोळका पुढे सरकल्याचं ऐकू आलं. जाऊबाई कठड्याला धरून ते ऐकत राहिल्या. मग आत आल्या, गणवेश काढून घडी घालून ठेवला.

सभागृहात त्या दिवशी बावीस बायकांनी कागद घेतले.

शुक्रवारी आमच्या दवाखान्यातल्या बाईंनी आपल्या हातानं सलाइनची सुई काढली, केस विंचरले, फळांची टोपली कोणी नेऊ नये म्हणून माझ्या ताब्यात दिली आणि मतदानाला गेल्या. तेरा विरुद्ध बारा. नगराध्यक्ष पडले, उपनगराध्यक्ष त्या खुर्चीत बसले.

त्या दिवशी भाऊजींच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी विसरणार नाही. दाखल्यापायी बोलता येत नव्हतं, पण खोलीतून खोलीत असे फिरत होते की तेराव्या माणसाचं मत यांनीच टाकलं असावं. पानावर लिहून मला दाखवलं, ‘बघितलंस?’ जाऊबाईंनी काही बघितलं नाही. त्या दुपारच्या पाळीला गेल्या होत्या.

शनिवारी नव्या नगराध्यक्षांनी कागद रद्द करायचा आदेश लिहायला घेतला म्हणतात. सोमवारी सकाळी त्या बावीस जणी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. घोषणा नाहीत, फलक नाही. प्रत्येकीच्या हातात तो कागद. आत जाणाऱ्याला त्यांना ओलांडूनच जावं लागायचं, आणि जाणारा ज्या बाईला ओलांडायचा तिनं बहुतेक त्याच्या पोराला पहिल्या दिवशी पुसलेलं असायचं. कपडे धुणारी बाई येईल त्याला बाळाचं नाव घेऊन विचारायची, “कसाय तो आता? दात आले?” दुपारपर्यंत प्रसूतिगृहातून निरोपावर निरोप. तिथे तीन बायका अडलेल्या आणि मदतीला एकट्या जाऊबाई.

आता नव्या नगराध्यक्षांची खुर्ची एका मतावर उभी. गिरणीवाला चार वाजता त्यांच्याकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा वाक्य पूर्ण केलं: “बायकांच्या अंगावर जाणार असाल तर मी तुमच्याबरोबर नाही.” पाच वाजता नवे नगराध्यक्ष बाहेर आले, त्याच पायऱ्यांवर बायकांच्या मधे बसले आणि म्हणाले, “या भगिनींना कायम करावं ही मागणी मूळची माझीच.” टाळ्या झाल्या. बावीसही नेमणुका पक्क्या. पुढच्या सोमवारी सत्कार. ज्यांनी आधी कागद घेतलेले नाहीत अशांचं काय, तर तशी कोणी आहे हेच तोवर कोणाच्या लक्षात नव्हतं.

भाऊजींचा घसा त्याच संध्याकाळी सुटला. मंगळवारी सकाळी जाऊबाईंच्या नावचा अर्ज आपल्या सुरेख अक्षरात लिहून ते नव्या नगराध्यक्षांकडे गेले. मला बरोबर नेलं, दाखल्याचं कोणी विचारलं तर असावी म्हणून. नगराध्यक्षांनी अर्ज वाचला. ‘आपल्या शब्दाला मान देऊन सदर कर्मचारी हेतुपुरस्सर अनुपस्थित राहिली’ या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“माझ्यासाठी गेल्या नाहीत म्हणता?”

“अर्थातच, साहेब.”

“मग माझ्या सभेला तुम्ही का आला नाहीत?”

“घसा—”

“तो तिकडेही बसला होता, माइकराव.” ते हसले. राग वगैरे काही नाही, उलट आपुलकीनंच हसले. “अहो, तुमच्यासारखे बाराजण माझ्याकडे येऊन बसलेत. त्यांचं कुठे काय करायचं तेच मला सुचत नाही. त्या बावीस जणींना मी वचकून आहे म्हणून त्यांचं झालं. तुमच्या घरचा अर्ज मी घेतो, बघू. सोमवारी मात्र या हं. नावं तुम्हीच पुकारायची.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण कोणावर चिडायचं ते कळेना. तो माणूस खरं तेच बोलत होता. रस्त्यानं भाऊजी माझ्या पुढे वीस पावलं चालत होते, मधेच थांबायचे, मागे बघायचे, परत चालू लागायचे. घरी जाऊबाईंनी विचारलं तेव्हा ते “बघू म्हणाले” एवढंच बोलले. जाऊबाई म्हणाल्या, “बरं.” 

तो आठवडा त्या घरात कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. जाऊबाई भांडल्या असत्या तर मी सुटले असते. त्या कामावर जायच्या, यायच्या, गुडघा शेकत बसायच्या. भाऊजींनी चहा करून दिला तर प्यायच्या. मी एकदा धीर करून म्हटलं, “जाऊबाई, ते दाखले मी आणले हो.” त्या म्हणाल्या, “चादर तर मीच ओढून घेतली ना.” 

सोमवारी सभागृह गच्च भरलं होतं. बावीस जणी पहिल्या रांगेत, नवे गणवेश घालून. जाऊबाई येणार नव्हत्या, पण कपडे धुणाऱ्या बाईनं त्यांना हाताला धरून आणलं. त्या पुढे बसल्या नाहीत. दोनची पाळी होती म्हणून मागे दाराशी माझ्याजवळ उभ्या राहिल्या. व्यासपीठावर नवे नगराध्यक्ष, त्यांच्या एका बाजूला बांधकामवाला, दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापक. आज त्यांना आपलं नाव शेवटी घ्यायला नको होतं.

भाऊजी माइकशी आले. एकेक नाव. एकेक बाई उठून वर जायची, फुलांचा गुच्छ घ्यायची, फोटो निघायचा. आवाज तोच, पण मी त्या घरात राहिलेली, मला कळत होतं की तो कुठेतरी घाई करतोय. बाविसावं नाव कपडे धुणाऱ्या बाईचं. ती गुच्छ घेऊन खाली उतरली. नगराध्यक्ष भाषणाला उठले. भाऊजींनी माइक सोडला नाही.

“आणि चौदा वर्षं,” ते म्हणाले, “या गावातल्या प्रत्येक घराच्या बाळाला पहिला हात जिनं लावला, जिचं नाव या यादीत नसण्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे…” आणि त्यांनी जाऊबाईंचं नाव घेतलं. पूर्ण नाव. घरात मी त्यांच्या तोंडून ‘अगं’शिवाय दुसरी हाक ऐकली नव्हती. यादीत नसलेलं नाव त्यांनी तेवीस वर्षांत पहिल्यांदाच पुकारलं, तेही कोणाला न विचारता.  नगराध्यक्ष अर्धवट उभे, बसावं की हसावं ते त्यांना कळेना. कळलं, आणि ते हसले, दोन्ही हात पुढे करून म्हणाले, “या ना ताई, या!” गुच्छासाठी मागे हात केला, तर गुच्छ बावीसच आणलेले.

सगळं सभागृह वळून आमच्याकडे बघायला लागलं.  मी जाऊबाईंच्या पाठीला हात लावला, जा, म्हणून. 

भाऊजींनी पुन्हा नाव घेतलं. या वेळी सभेचा आवाज नव्हता. कसातरीच, फाटलेला, खरोखर घसा बसल्यासारखा.

जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. पण बोलल्या, माइक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. त्यांचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

“मी गुरुवारी विचारलं होतं तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “जाऊ का म्हणून.”

मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोनला दहा कमी होते. मला म्हणाल्या, “मी निघते. दोन नंबरच्या खाटेवरची कधीही मोकळी होईल.” आणि दार ढकलून गेल्या.